तिसरं नाव

ओदील थेरियोला यादी करायला कारण लागत नसे, आणि या वेळी तर कारण चांगलं दणदणीत होतं. मेडिकलच्या अर्जाची मुदत एक ऑक्टोबरला दुपारी साडेचारला संपत होती. ओदीलने फ्रीजवर एक कागद चिकटवून त्यात दोन रकाने आखले होते: एक स्वतःचा, एक तिच्याबरोबर राहणाऱ्या हेल्मीचा. ओदीलच्या रकान्यात तीन नावं आणि तिन्हींपुढे ठसठशीत बरोबरच्या खुणा. हेल्मी लाक्सोच्या रकान्यात नावं दोनच. तिसऱ्या ओळीवर ओदीलने आधी एक प्रश्नचिन्ह काढलं, मग दोन, आणि आज सकाळी सरळ एक कवटी.

"कवटी कशाला?" हेल्मीने विचारलं.

"अर्ज आजारी आहे, हे एव्हाना तुझ्या लक्षात यावं म्हणून." ओदील टोस्टवर पीनट बटर थापत होती, भिंतीला गिलावा केल्यासारखं. "हे बघ. रसायनवाले सर झाले. लॅबमधली बाई झाली. आता तिसरं शिफारसपत्र अशा कुणाचं हवं, ज्यानं तुला माणसांत वावरताना पाहिलंय. आणि तुझ्याकडे ग्लेंडा आहे. अगं, लोक असली ग्लेंडा मिळावी म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात. माझं तिसरं पत्र कोण देतंय, माहितीय? आइस रिंकवरचा मॅनेजर. तो लिहिणार, ओदील वेळेवर येते आणि स्केट्सना धार छान लावते."

"ते काही वाईट नाहीये."

"हो ना. उद्या कुणाचं पोट फाडताना कामाला येईल."

हेल्मी खळखळून हसली, आणि नेमकी त्याच वेळी फ्रीजची घरघर थांबली. स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. हेल्मीचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण आतमध्ये मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. फेब्रुवारीपासून तिला ही खोडच लागली होती. कुठलाही चालता आवाज थांबला, की तो परत सुरू होईपर्यंत मोजायचं. सात, आठ. ओदील काहीतरी बोलत होती. अठरा, एकोणीस. फ्रीज घुरघुरला आणि हेल्मीने श्वास सोडला.

"ऐकतेयस का मी काय म्हणतेय ते? ग्लेंडाला फोन कर."

"करते," हेल्मी म्हणाली. गेले चार आठवडे ती हेच म्हणत होती.

ग्लेंडा त्यांच्या गावातल्या हॉस्पिसची स्वयंसेवकांची प्रमुख. कॅनडातल्या थंडर बेच्या आसपास गावं कमी आणि अंतरं फार, त्यामुळे शेवटच्या दिवसांत कितीतरी जणांच्या जवळ आपलं म्हणावं असं कुणी नसतं. म्हणून ग्लेंडाने 'सोबत' सुरू केली होती. माणूस अगदी शेवटाला आला की स्वयंसेवकांनी पाळीपाळीने खाटेजवळच्या खुर्चीत बसायचं आणि जे दिसलं ते वहीत लिहायचं. काही करायचं नाही. फक्त उठायचं नाही. हेल्मी दोन वर्षं दर रविवारी दुपारी जायची. ग्लेंडा भेटेल तिथे तिला म्हणायची, "तुझं पत्र मी मनात केव्हाच लिहून ठेवलंय गं. तू नुसतं फॉर्ममध्ये माझं नाव टाक."

शिफारसपत्रांची रीत मोठी अजब असते. पत्र तुमच्याबद्दल, पण वाचायची बंदी फक्त तुम्हालाच. ते परस्पर अर्जाच्या कचेरीत जातं आणि तुम्ही आधीच सही करून देता, की मी ते बघायला कधीही मागणार नाही. ओदीलला त्यामुळे झोप येत नव्हती. मॅनेजर काय लिहील, धारेबद्दल लिहील की त्या फोडलेल्या काचेबद्दल?

हेल्मीचं दुखणं उलटं होतं. ग्लेंडाच्या पत्रात काय असणार, ते तिला तोंडपाठ होतं.

मंगळवारी संध्याकाळी सहाला हॉस्पिसच्या खालच्या हॉलमध्ये नव्या स्वयंसेवकांचा पहिला वर्ग होता. सात जण आले होते. कॉफीचं काम नेहमीसारखं हेल्मीकडे. ग्लेंडा आधी हात कसे धुवायचे ते सांगायची, मग कुलपांचे आकडे, आणि शेवटी चष्मा काढून मांडीवर ठेवायची. चष्मा काढला की गोष्ट येणार, हे ठरलेलं.

"गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे," ग्लेंडा म्हणाली. "आमच्याकडे अर्वो नावाचे गृहस्थ होते. जन्मभर जंगलात लाकूडतोडीच्या कामावर. एकच मुलगी, ती टेरेस बेला. निघाली होती बिचारी, पण बर्फाने हायवे बंद झाला आणि ती निपिगनला अडकली. इथे अर्वोंजवळ कोण होतं? एकवीस वर्षांची एक पोरगी. तिने शेवटपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी ते गेले. आणि फिनिश लोकांत रीत आहे, की माणूस गेला की खिडकी उघडायची, म्हणजे जीव मोकळा होतो. तर बाहेर उणे एकतीस असताना या पोरीने उठून खिडकी उघडली, आणि मला ती म्हणाली, की थोडं बर्फ आत आलं आणि त्यांच्या पांघरुणावर पडलं."

बर्फाचं हेल्मी कधीच म्हणाली नव्हती. एप्रिलपर्यंत गोष्टीत बर्फ नव्हतं. हात मात्र पहिल्यापासून होता.

"ती पोरगी," ग्लेंडा म्हणाली, "तुम्हाला आत्ता कॉफी देतेय."

सात माना वळल्या. एका बाईने डोळे टिपले. हेल्मीने दुधाचं भांडं उचललं, कारण हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. तिच्या पाठीमागे कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं. ते गुरगुरलं, एक लांब उसासा टाकला आणि थांबलं.

एक, दोन, तीन.

शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणी नव्हतं. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या हेल्मीनेच मांडल्या होत्या, सगळ्यांची तोंडं ग्लेंडाकडे. ती एक आता खिडकीकडे वळलेली होती. आलं असेल कुणीतरी, धक्का लागला असेल. अकरा, बारा. कुणी आलेलं तिने पाहिलं नव्हतं. वीस. एकवीस. बावीस.

यंत्राने गचका दिला आणि पुन्हा गुरगुरायला लागलं. हेल्मीच्या हातातून दूध सांडलं होतं. ग्लेंडा मायेने म्हणाली, "अजूनही हळवी होते बघा ती."

खरं काय झालं होतं, ते असं.

अर्वो नुर्मेला यांची जीभ भारी तिखट होती. खोली नंबर चारमध्ये आल्या दिवसापासून त्यांचं ऑफिसशी भांडण. तिथल्या खिडक्या हँडल फिरवून उघडायच्या, शिवणयंत्राचं असतं तसलं लहानसं लोखंडी हँडल. हिवाळ्यात ऑफिसवाले सगळी हँडलं काढून ठेवायचे. अर्वोंनी आपलं दिलं नाही. ते उशाशी खणात, मोज्यांच्या खाली असायचं.

"त्यांना हिटरच्या गॅसचं बिल माझ्या आत्म्यापेक्षा मोठं," ते हेल्मीला म्हणाले होते. "तू लाक्सोंची ना, आपल्या फिनिश लोकांतली? मग तुला सांगावं लागणार नाही. मी गेलो की उघडायची. लगेच. माझी आई म्हणायची, उशीर झाला तर माणूस वाट चुकतो आणि खोलीतच घुटमळत बसतो. आणि या खोलीत तर टीव्हीपण धड लागत नाही."

"उघडीन," हेल्मी म्हणाली होती.

"बघ हं. लाकडाच्या कामात एक नियम असतो. झाड पडेपर्यंत, 'मी लक्ष ठेवतो' असा शब्द देणारा माणूस जागेवरून हलत नाही."

त्या रविवारी ते बोलत नव्हते. तीन वाजता मार्यत्ताचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, निपिगनच्या पेट्रोल पंपावरून फोन आला. रस्ता बंद आहे, पोलीस सोडत नाहीत. "मी पोचेपर्यंत त्यांना एकटं नको ठेवूस. आणि खिडकीचं तुला माहितीय ना?" हेल्मी म्हणाली, "माहितीय. मी आहे इथे."

आणि मग तो श्वास सुरू झाला. खोल, खोल, मग उथळ, मग काहीच नाही. हेल्मीला त्या श्वासाचं नाव माहीत होतं, मेंदूच्या कुठल्या भागाने हात टेकले की तसं होतं तेही माहीत होतं. परीक्षेत तिने त्यावर अख्खं पान लिहिलं होतं. पण काहीच नाही, हे इतकं लांब असतं, असं पुस्तकात नव्हतं. ती मोजायची. बारा. मग एकदम घशातून ओढून आणलेला श्वास. सतरा. बावीस. बावीसनंतर जो श्वास आला तो तिला वाटलं आपल्याच मानेवर आला. ती उठली. पाठ करायच्या कार्डांचा गठ्ठा घेतला आणि कॉरिडॉरच्या टोकाला नातेवाइकांच्या खोलीत जाऊन बसली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. टीव्हीवर आवाज बंद करून हॉकी चालू होती. दोनच मिनिटं, असं ती स्वतःला म्हणाली. तिने वीसच्या वीस अमिनो आम्लांची नावं म्हटली. मग परत म्हटली.

ती परतली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खोली गप्प होती. ती दारातच मोजायला लागली. दोनशेपर्यंत मोजलं. मग खणातून हँडल काढलं, बसवलं, फिरवलं. खिडकी करकरली आणि थंडी आत आली, एवढंच. बर्फबिर्फ काही नाही. तिने वही उघडली आणि पेनाने लिहिलं: 'चार दहा. अर्वो शांतपणे गेले. मी जवळ होते. खिडकी उघडली.' नर्स आली तेव्हा हेल्मी रडत होती, आणि रडणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही.

घरी आल्यावर कळलं, की खिडकी लावून काढून घेतलेलं हँडल कोटाच्या खिशात राहिलंय.

त्या मंगळवारी वर्ग संपवून ती घरी परतली तर जिन्यावरच गार वाटायला लागलं. स्वयंपाकघरात शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली. खिडकी सताड उघडी होती. पडदा बाहेर ओढला गेला होता, आत नाही. आणि खिडकीला हँडल होतं. तेच. एका बाजूला काळा रंग उडालेलं.

"ओदील."

ओदील डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "बाप रे, केवढी थंडी. तू उघडलीस?"

"ते हँडल कुठून आलं?"

"तुझ्या जाड कोटातून. सकाळी गवतावर दव गोठलेलं ना, मी तुझे हातमोजे शोधत होते. मला वाटलं आपलंच आहे, ते तुटलेलं तू दुरुस्त करून आणलंस आणि विसरलीस. चपखल बसलं." ती खिडकीपाशी गेली. "पण मी तर बंद केली होती. उघडून बघितली आणि घट्ट बंद केली. शपथ."

"आठव नीट."

"हेल्मी, मी यादी करणारी बाई आहे. मी खिडक्या उघड्या टाकून अंघोळीला जात नाही."

दोघींनी मिळून ती बंद केली. हेल्मीने हँडल काढून घेतलं. ते इतकं गार होतं की तळव्याला चिकटलं. त्या रात्री तिने ते मोज्यांच्या खणात ठेवलं, मग मोज्यांच्या खणात ठेवलंय हे लक्षात येऊन बाहेर काढलं, आणि शेवटी मुठीत धरूनच झोपली. झोपली म्हणजे पडून राहिली. शेजारच्या खोलीतून ओदीलच्या घोरण्याचा आवाज येत होता. तो मधूनमधून थांबायचा.

बुधवारी मार्यत्ताचा फोन आला.

"ग्लेंडाने नंबर दिला. म्हणाली, तुला मेडिकलला पत्र लागतंय आणि तू भिडेपायी कुणाला विचारत नाहीयेस. मी शुक्रवारी तिकडे येतेय, दाताच्या डॉक्टरकडे. माझं नाव घाल. मी शाळेची बस चालवते, मला भारी इंग्रजी येत नाही, पण तुझ्याबद्दल लिहायला भारी कशाला लागतं?"

ओदीलने हे ऐकलं आणि टेबलावर ताल धरला. "मुलगी. प्रत्यक्ष मुलगी. ग्लेंडापेक्षा वरचढ. ग्लेंडा सगळ्यांना पत्रं देते, मेलेल्याची मुलगी कुणाला देते?" मग हेल्मीच्या चेहऱ्याकडे बघून ताल थांबला. "काय झालं?"

"काही नाही."

"तू या पत्राला एवढी का भितेस गं? लोक वाईट लिहितील म्हणून भितात. तू चांगलं लिहितील म्हणून भितेस."

यावर हेल्मीकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं झालं तर सगळंच द्यावं लागलं असतं. डॉक्टर व्हायचं तिने दहाव्या वर्षी ठरवलं होतं. पत्र खोटं निघालं तर हा अर्ज गेलाच, पण खोटं बोलणारी म्हणून नाव झालं तर पुढचेही गेले. आणि गप्प राहिलं, तर सगळं मिळणार होतं. त्यासाठी काही करायचंसुद्धा नव्हतं. फक्त तोंड उघडायचं नव्हतं.

शुक्रवारी ती फिनिश लोकांच्या त्या जुन्या खानावळीत गेली, जिथे पॅनकेक ताटाच्या काठाबाहेर लोंबतात. मार्यत्ता आधीच बसली होती. रुंद खांदे, अर्धा गाल सुईने बधिर, त्यामुळे कॉफी पिताना ती ओठांना रुमाल लावत होती.

"बस पोरी. खाऊन घे, मला आज चावता येत नाही, माझ्या वाटचंही तूच खा." तिने पिशवीतून शाळेची वही काढली. "मी मुद्दे लिहून आणलेत. पण दोन गोष्टी तुला विचारायच्यात. म्हणजे पत्रात चुकीचं जायला नको."

"विचारा."

"बाबा बारा महिने खिडकीला फट ठेवून झोपायचे. मी लहान असताना पांघरुणात तोंड घालून त्यांना शिव्या द्यायचे. आता ते गेल्यापासून मी काय करते सांगू? बस डेपोत लावते, चारला घरी येते, आणि चार दहाला खिडकी उघडते. रोज. एक मिनिट. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय." ती अर्ध्याच तोंडाने हसली. "त्या मिनिटाला मी त्यांच्याबरोबर असते असं वाटतं. मी तिथे नव्हते ना. पण तू होतीस. म्हणून विचारते. ते बर्फ, ते पांघरुणावर कुठे पडलं? पायाशी की छातीवर?"

खानावळीत बश्यांचा खणखणाट चालला होता. हेल्मीला वाटलं तो आत्ता थांबेल. थांबला असता तर बरं झालं असतं, मोजता आलं असतं. पण तो चालूच राहिला आणि मार्यत्ता पेन धरून वाट बघत राहिली.

छातीवर, असं म्हणायचं. एक शब्द. लिहिला जाईल आणि पाकीट बंद.

हेल्मीने खिशातून हँडल काढून पॅनकेकच्या ताटाशेजारी ठेवलं.

"बर्फ नव्हतं," ती म्हणाली. "हातही नव्हता. मी तिथे नव्हते. साडेतीनला मी खोलीतून उठून गेले. मला त्यांच्या श्वासाची भीती वाटली. चार दहाला परत आले तेव्हा ते गेलेले होते. कधी गेले ते मला माहीत नाही. चार दहा ही माझी वेळ आहे, त्यांची नाही."

मार्यत्ताने पेनाला टोपण लावलं. खूप सावकाश, नीट वळवून.

"फोनवर म्हणालीस, मी आहे इथे."

"हो."

"मी पंपावर उभी होते. दीड तास. मी काय म्हणत होते माहितीय, तिथल्या पोराला? म्हटलं, काळजी नाही, लाक्सोंची पोरगी बसलीय."

क्षमा मागावी असं हेल्मीच्या मनात आलं, पण ते मागणंच होतं, देणं नव्हतं.

"चाळीस मिनिटं," मार्यत्ता म्हणाली. "आणि मी सात महिने रोज रिकाम्या वेळेला खिडकी उघडतेय." तिने हँडल उचललं, अंगठ्याने त्याचा रंग उडालेला भाग चाचपला, आणि ती बापाची खूण आहे हे ओळखल्यासारखी थोडा वेळ तशीच राहिली. "हे तुझ्याकडे कसं?"

"खिशात राहिलं. मग परत द्यायचं म्हणजे सांगावं लागलं असतं."

"हे हॉस्पिसचं आहे. परत दे." तिने ते टेबलावर सरकवलं, वही पिशवीत घातली आणि कोट चढवला. निघताना वळली. "नाव घातलंस का फॉर्ममध्ये?"

"नाही. आता कसं..."

"घाल."

"तुम्ही काय लिहिणार?"

बधिर गालामुळे तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. "ते तुला कळायचं नाही. नियमच आहे ना तुमचा तसा?" ती म्हणाली आणि गेली. पैसे दोघींचे देऊन गेली, त्याचं हेल्मीला जास्त लागलं.

त्याच दुपारी हेल्मी हॉस्पिसला गेली. जिना चढायच्या आधी एक मिनिटही थांबायचं नाही असं तिने ठरवलं होतं, कारण थांबली असती तर मोजलं असतं. ग्लेंडाने सगळं ऐकलं आणि चष्मा काढला. या वेळी गोष्ट सांगायला नाही.

"ही गोष्ट मी किती जणांना सांगितलीय," ती म्हणाली. "चर्चमध्ये सांगितली. महापौरांच्या बायकोला सांगितली."

"माहितीय."

"तू तिथे उभी राहून कॉफी ओतत होतीस."

"हो."

"आणि ते बर्फ?"

"बर्फ तुमचं आहे, ग्लेंडा."

ग्लेंडाने कपाटातून फेब्रुवारीची वही काढून टेबलावर टाकली. हेल्मीने आपल्या जुन्या ओळीखाली लिहिलं: 'हे खरं नाही. साडेतीन ते चार दहा मी खोलीत नव्हते. ते गेले तेव्हा जवळ कुणी नव्हतं.' खाली आजची तारीख आणि पूर्ण सही. अक्षर तिला वाटलं होतं त्यापेक्षा सरळ आलं.

"ख्रिसमसपर्यंत तू खोलीत बसायचं नाहीस," ग्लेंडा म्हणाली. "चादरींच्या घड्या घाल, यायचं असेल तर. आणि माझं नाव घालू नकोस."

"नाही घालणार."

"चार नंबर रिकामी आहे. हँडल लावून ये जा. ती खोली हिटर चालू करूनही तापत नाही, फेब्रुवारीपासून. दोनदा माणूस बोलावला दुरुस्तीला."

हेल्मी खोलीत गेली. गादी उघडी, खुर्ची तिच्या जागेवर. ती बसली. मग उठली, हँडल बसवलं आणि खिडकी उघडून तिथेच उभी राहिली. कुणाला काय म्हणायचं असतं अशा वेळी, ते तिला ठाऊक नव्हतं. "चला," ती म्हणाली, घरच्या माणसाला म्हणावं तसं. "उशीर झाला. माझ्यामुळे झाला." बाहेर स्प्रूसची झाडं हलत नव्हती. पडदा मात्र एकदा फुगला, बाहेरच्या बाजूला, आणि खाली बसला. त्यावर हेल्मीने विश्वास ठेवला नाही, आणि अविश्वासही दाखवला नाही.

घरी येऊन तिने फॉर्म उघडला, तिसऱ्या ओळीत मार्यत्ता नुर्मेला हे नाव घातलं, आणि व्यवसाय: शाळेच्या बसची चालक. मग ओदीलला सगळं सांगितलं.

"तिने वाईट लिहिलं तर?" ओदीलने विचारलं.

"तर लिहील."

"अजून वेळ आहे. माझा रिंकचा मॅनेजर तुझं पण देईल. तुला स्केटिंग येत नाही हे मी त्याला सांगणार नाही."

"खोटं पत्र झालं मग."

"अरे हो," ओदील म्हणाली. "तेच तर प्रकरण आहे." आणि उठून तिने कागदावरची कवटी खोडली. पुढे बरोबरची खूण मात्र केली नाही.

पत्र येईना. सव्वीस गेला, अठ्ठावीस गेला. संगणकाच्या पडद्यावर दोन नावांपुढे 'प्राप्त' आणि तिसऱ्यापुढे 'प्रतीक्षेत'. मार्यत्ताला फोन करायचा नाही, हे हेल्मीने स्वतःला बजावलं होतं. या बाईला एकदा वाट बघायला लावलं होतं; आता आपली पाळी.

एक ऑक्टोबरला दुपारी दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. ओदीलचा अर्ज केव्हाच गेला होता, ती नुसती नखं खायला बसली होती. साडेतीन झाले. प्रतीक्षेत. मार्यत्ता या वेळी मुलांना घरोघर सोडत असणार, हेल्मीच्या मनात आलं. चारपर्यंत ती घरीच येत नाही. म्हणजे चार दहाला. आलंच तर चार दहाला येईल.

तिने पान पुन्हा ताजं केलं आणि तिसऱ्या नावापुढे अक्षरं बदलली.

"प्राप्त," ओदील कुजबुजली. "हेल्मी, प्राप्त. वेळ बघ. तीन अठ्ठेचाळीस."

तीन अठ्ठेचाळीस. म्हणजे कुठेतरी हायवेच्या कडेला रिकामी पिवळी बस उभी होती, आणि मार्यत्ताने फोनवर बोट दाबलं होतं. चार दहाला नाही. त्या चाळीस मिनिटांमधलं एक मिनिट तिने निवडलं होतं. रागाने की मायेने, ते हेल्मीला कधीच कळणार नव्हतं. आत काय होतं तेही नाही. इंटरव्ह्यूला बोलावलं तरी नाही, नाही बोलावलं तरी नाही. उद्या डॉक्टर झाली, म्हातारी झाली, तरी कुठल्याशा कपाटात तिच्याबद्दलचं एक खरं पान असणार होतं, आणि ते वाचायची बंदी फक्त तिला.

हेल्मीने अर्ज पाठवला. मग ती उठली आणि खिडकीपाशी गेली. हँडल नव्हतं, तिथे नुसता लोखंडी दांडा वर आलेला होता. तिने खणातून पकड काढली, दांडा पकडला आणि फिरवायला लागली.

"काय करतेयस? गारठून जाऊ."

"चार दहापर्यंत," हेल्मी म्हणाली. "उद्यापासून साडेतीनला उघडायची. अख्खी चाळीस मिनिटं. कुठलं मिनिट ते मला माहीत नाही ना."

"रोज? जानेवारीत पण?"

"जानेवारीत पण."

ओदीलने तिच्याकडे पाहिलं, मग आत जाऊन दोन्ही जाड कोट घेऊन आली. एक तिच्या खांद्यावर टाकला, एक स्वतः घातला, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली. फ्रीज घुरघुरत होता. मध्येच तो थांबला. सवयीने हेल्मीने मोजायला सुरुवात केली, एक, दोन, आणि शेजारून, काही न विचारता, ओदीलने तीन म्हटलं.